टोपलीला नेसवलेलं लुगडं

दिवा जरा इकडे ओढा, म्हणजे सांगते.

आमचं कॉलेज नवंच होतं. परभणीबाहेर, ज्वारीच्या रानाला लागून. स्नेहसंमेलनात कलाप्रदर्शन भरायचं होतं. कुठली वस्तू कुणावर पडेल, कशाने पेट घेईल, हे आधी तपासायचं काम प्राचार्य दिनकररावांनी मला दिलं. पाल चुकचुकली तरी मी दचकते, म्हणून माझ्या नजरेतून धोका सुटायचा नाही, असं ते हसत म्हणाले. मग हसू आवरून त्यांनी बजावलं, काही विपरीत घडलं तर पुढच्या साली मुलींना प्रदर्शनात भाग नाही.

मी मांडणीतल्या कोयत्यांची पाती उतरवली, मातीच्या उंच पुतळ्याला मागून दोरी बांधली, दाराशी वाळूच्या बादल्या ठेवल्या. राहिला शेवटचा कोपरा. तिथे ताडकळसच्या हेमाने, माझ्या विद्यार्थिनीने, महालक्ष्मी उभी केली होती. बांबूच्या उंच टोपलीला नऊवारी लुगडं, वर घरचा पितळी मुखवटा. पदर थेट गॅसबत्तीखाली. बत्तीला हूक तेवढाच.

तिला जरा सरकवू, असं मी म्हणाले.

हेमा हळूच म्हणाली, “बाई, अक्षता टाकल्याबिगर तिला हलवत न्हाईत.”

शिकलेल्या बाईने अक्षता मागवल्या असत्या तर मास्तरमंडळी हसली असती. मी महालक्ष्मीला दोन्ही हातांनी कमरेला धरलं.

लुगड्याखाली बांबू लागायला हवा होता. ऊब लागली... आणि परका हात लागताच एखादी बाई अंग चोरते ना, तसं तिने पोट आत घेतलं.

मी किंचाळले. सगळे धावत आले. चित्रकलेच्या माधवरावांनी तिच्या निऱ्याच वर उचलून धरल्या.

“बघा बाई, आत कोण हाय? टोपली!”

पुरुष वाकून वाकून बघत होते, हसत होते. हेमाने तोंड फिरवलं. मी किंचाळले नसते, तर महालक्ष्मीला कुणी असं उघडं केलं नसतं.

त्यानंतर तिला कुणी हलवलं नाही. पण दिवेलागणीला त्या हुकाची बत्ती विझली. पंप मारून पेटवली, पुन्हा विझली. दुसरी आणली, तीही तशीच. लोक आले, बघून गेले. तो कोपरा अंधारातच राहिला. काहीही पेटलं नाही. दिनकररावांनी चारचौघांत माझं कौतुक केलं, आणि मला मान वर करवेना.

सकाळी हेमाने अक्षता टाकून मुखवटा उतरवला. पदर हनुवटीपर्यंत ओढलेला होता. तो कुणी ओढला, हे आम्ही एकमेकींना विचारलं नाही.

घरी न्हाताना दिसलं. माझ्या कमरेवर दोन्हीकडे पंजाएवढे वळ. उभ्याआडव्या कामट्यांची वीण. आईलासुद्धा दाखवले नाहीत. काय सांगणार?

अजून गेलेले नाहीत ते. आणि रात्री कुशीवर वळताना चुकून हात लागला, की... आत बांबू करकरतो.