बासरीसाठी शून्यं

चष्मा लावून वर हेडफोन चढवले की अर्ध्या तासात कानामागे ठणकायला लागतं, हे वेनिंगच्या वीस वर्षांच्या सवयीचं होतं. हेडफोनची गादी चष्म्याची काडी डोक्याच्या हाडावर दाबून धरते आणि तिथे एक लाल वळ उठतो. पण तिला दोन्हींवाचून गत्यंतर नव्हतं. जावा बेटावरच्या सेमारांग शहराच्या उत्तरेला, जिथे भरतीचं पाणी गटारांतून वर येऊन गल्लीत पसरतं, तिथल्या दोन खोल्यांच्या घरात बसून ती क्रोंचोंग, म्हणजे तिथल्या जुन्या तंतुवाद्यांच्या संगीताच्या, पथकांची गाणी ऐकायची आणि आकड्यांत उतरवून द्यायची. पहिल्या स्वराला एक, दुसऱ्याला दोन, वादक थांबला की शून्य. गाणं कानात आणि कागद डोळ्यांपुढे.

तिचा नवरा प्रासोजो अशाच एका पथकात बासरी वाजवायचा. जानेवारीत करिमुनजावा बेटावरचं एक लग्न आटोपून तो परतत होता. वारा बिघडला, होडी कलंडली. बाकीचे अकराही जण सापडले. त्यांनी सांगितलं, की बायकांना होडी लागत होती म्हणून प्रासोजो मागच्या फळीवर बसून त्यांना काहीबाही वाजवून दाखवत होता. तिसऱ्या दिवशी कोळ्यांच्या जाळ्यात त्याची कापडी पिशवी आली. आत रुमालात गुंडाळलेला चष्मा होता. वाजवताना घामानं घसरतो म्हणून तो नेहमी काढून ठेवायचा. बासरी पिशवीत नव्हती.

त्याच आठवड्यात धावपळीत वेनिंगचा स्वतःचा चष्मा तिच्याच पायाखाली आला. दुकानदार म्हणाला, भिंगं यायला तीन-चार आठवडे लागतील. दोघांचा नंबर जवळपास सारखाच होता, म्हणून तिनं त्याचा चष्मा लावला. काड्या तिला ढिल्या व्हायच्या, पण हेडफोन त्यांना धरून ठेवायचे.

होडी कलंडल्यापासून चोविसाव्या दिवशी मारसुदींनी नवं ध्वनिमुद्रण पाठवलं. हे प्रासोजोच्या पथकाचे प्रमुख, सत्तरीचे व्हायोलिनवादक. सगळे त्यांना म्बाह, म्हणजे आजोबा, म्हणत. रविवारी दुपारी स्वतःच्या ओसरीत त्यांनी ते गाणं वाजवून घेतलं होतं. हाताला काम असलं की ही पोर जरा सावरेल, असं त्यांना वाटलं असावं.

वेनिंगनं दोन दिवसांत आकडे लिहून दिले. संध्याकाळी मारसुदी स्वतःच दारात आले. चपला काढल्या, पण आत न येता उंबऱ्यापाशीच उभे राहिले.

"बासरीची ओळ कशाला लिहिलीस?"

"वाजलीये म्हणून लिहिली. जुन्या मुद्रणातली घातलीत ना वरून? छान बसलीये."

मारसुदींनी कागद तिच्यापुढे धरला. "आम्ही सहा जण होतो, वेनिंग. त्याची खुर्ची मोकळी ठेवली होती. बासरी नाहीये यात."

तिनं त्यांना हेडफोन दिले. त्यांनी गाणं पुरतं ऐकलं आणि मान हलवली. मग तिनं घाईनं स्वतः घातले. चष्मा तेव्हा कपाळावर होता. व्हायोलिन, गिटार, चेलो, सगळं होतं. बासरी नव्हती. तिनं चष्मा खाली ओढला, काड्या गादीखाली सारल्या, आणि दुसऱ्या ओळीपासून बासरी आली, जरा दुरून, पण स्वच्छ.

तिनं चष्मा काढून मारसुदींपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "मला नाही ऐकायचं."

वेनिंग हिशेबी डोक्याची बाई होती. गादीखाली तिनं पेन्सिल घालून पाहिली, कागदाची सुरळी घालून पाहिली. तिचा दुरुस्त चष्मा आल्यावर तो लावून पाहिला. बासरी यायची ती त्याच्याच चष्म्यातून. दुकानदाराला तिनं आडून विचारलं, तर तो म्हणाला, "हाडातून आवाज जातो, बाई. काडी दाबली गेली की गाणं जरा वेगळं लागतं."

"नसलेलं वाद्य ऐकू येतं का?"

तो हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून हातातलं भिंग पुसायला लागला.

खरी भीती तिला नंतर वाटली. प्रासोजोचा दम मोठा होता. सोळा मात्रांची ओळ तो एका श्वासात काढायचा आणि शेवटी नाकानं हलकेच हवा घ्यायचा. पहिल्यांदा तिनं ऐकलं तेव्हा तसंच होतं. आठवड्याभरानं तेच मुद्रण लावलं, तर श्वास आठव्या मात्रेवर आला. तिला वाटलं, आपलीच चूक. पण तिचं स्वतःचं लिखाण समोर होतं. पस्तिसाव्या दिवशी तो दर चार मात्रांवर श्वास घेत होता. बाकीची सहा वाद्यं जागची हलली नव्हती. दमत होती ती एकटी बासरी.

ती बंदरातल्या शोधकार्याच्या कचेरीत गेली. टेबलामागच्या तरुण अधिकाऱ्यानं उठून तिला खुर्ची दिली.

"बाई, शोध सात दिवसांनी थांबवतात. या समुद्रात न सापडलेल्यांची यादी लांब आहे. आता महिना होऊन गेला."

"तो अजून श्वास घेतोय."

"कुणी पाहिलं?"

"मी ऐकलं. पण त्याला आता पुरत नाहीये. रोज कमी होतोय."

त्यानं पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली. "जरा पाणी घ्या, बाई."

वेनिंगनं बाटलीकडे पाहिलं आणि ती उठून बाहेर आली.

घरी सासू, सगळ्यांची इबू म्हणजे आई, तांदूळ निवडत बसली होती. चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेची तयारी चालली होती. शेजारणींना आपेम, म्हणजे तांदळाची गोड धिरडी, करायला सांगून झालं होतं.

"इबू, हे नका करू. प्रार्थना झाली की तो मेला असं होईल."

सासूनं सूप खाली ठेवलं. "पोरी, मी त्याला जन्म दिलाय. तो मेलेला हवाय मला, असं वाटतं का तुला?"

सासूनं पुन्हा सूप उचललं. "तू रात्रंदिवस ते कानाला लावून बसतेस. कानामागे रक्त आलंय तुझ्या. हात लावून बघ."

तिनं हात लावला. बोटं खरंच ओली झाली.

दुसऱ्या दिवशी ती मारसुदींकडे गेली. तिनं गाणं नव्यानं लिहून नेलं होतं. प्रत्येक ओळीनंतर, सगळ्याच वाद्यांसाठी, चार शून्यं.

"या गाण्यात त्याला दम घ्यायला जागाच नाही, म्बाह. व्हायोलिन सोडत नाही तोवर चेलो येतो. त्याला तुमच्या मागे धावावं लागतं."

"सगळेच थांबले तर गाणं मोडतं, वेनिंग."

"मोडू दे."

मारसुदींनी कागद डोळ्यांजवळ धरला. शून्यांवरून बोट फिरवत ते शेवटपर्यंत गेले. त्यांनी प्रासोजोला तो शाळेत असल्यापासून शिकवलं होतं.

"एकदाच," ते म्हणाले. "मग इबूला प्रार्थना करू द्यायची."

चाळिसाव्या दिवशी सकाळी सहाही जण वाद्यं घेऊन तिच्या घरी आले. मागच्या खोलीत दाटीवाटीनं बसून त्यांनी गाणं वाजवलं आणि वेनिंगनं ते मुद्रित केलं. ओळ संपली की सगळे थांबायचे, मारसुदींचा पाय जमिनीवर चार ठोके द्यायचा, पुढची ओळ सुरू व्हायची. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वाजवून झाल्यावर पाच जण निमूट निघून गेले. मारसुदी थांबले.

वेनिंगनं चष्मा लावला. जखमेवर काडी बसली तेव्हा तिचे दात आवळले गेले. वर हेडफोन घातले आणि ते मुद्रण लावलं.

बासरी आली. सोळा मात्रांची पूर्ण ओळ, एका दमात.

मग सगळी वाद्यं थांबली आणि त्या चार मात्रांत त्यानं श्वास घेतला. नाकानं, हलकेच, पोटभर. वेनिंगच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. जिवंत आहे, ती मनात म्हणाली. आता दम पुरेल त्याला.

दुसरी ओळ संपली. विराम आला. त्यानं श्वास घेतला.

त्याच्या पाठोपाठ आणखी कुणीतरी घेतला.

तिला वाटलं, खोलीतलाच कुणाचा तरी श्वास मुद्रणात आला असेल. सहा माणसं होती. तिनं डोळे मिटले आणि तिसऱ्या विरामाची वाट पाहिली.

तिसऱ्यात ते चार-पाच होते. घाईचे, तोंड उघडून ओढलेले.

तिनं हेडफोन काढले. बाहेरच्या खोलीत चटया अंथरल्याचा आवाज येत होता. नारळाच्या दुधाचा वास आला. सासू कुणाला तरी पेले मोजायला सांगत होती.

तिनं हेडफोन परत घातले.

सहाव्या विरामाला तिला मोजता येईना. जवळचे, लांबचे, पुरुषांचे, बायकांचे. एक अगदी छोटा होता, तान्हं मूल रडायच्या आधी घेतं तसा.

पुढची ओळ लागली की सगळं शांत व्हायचं. एकटी बासरी वाजत राहायची.

गाणं संपल्यावर तिनं चष्मा आणि हेडफोन मारसुदींपुढे धरले. मुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही. काड्यांवरचं रक्त सदऱ्यानं पुसलं, चष्मा लावला, हेडफोन चढवले.

त्यांची बोटं मांडीवर मात्रा धरत होती. पहिला विराम आला. मग दुसरा. तिसऱ्याला बोटं थांबली, ती पुन्हा हलली नाहीत. बाहेर माणसं जमू लागली होती. कुणीतरी हळू आवाजात दुवा म्हणायला सुरुवात केली.

शेवटपर्यंत ऐकून मारसुदींनी हेडफोन उतरवले. चष्मा मात्र त्यांनी तसाच ठेवला होता. वेनिंगनं अजूनही त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

"चार मात्रांत सगळ्यांची पाळी येत नाही गं," ते म्हणाले, आणि त्यांनी शून्यांचा कागद पेन्सिलीसकट तिच्याकडे सरकवला.