पाय ठेवायला जागा

काम साधंच होतं. बायकोची भट्टी लेकीकडे पोचवायची होती.

मातीची भांडी भाजायची विजेची भट्टी ती. लोखंडी कवचाची, दोन माणसांचा घाम काढणारी. सोबत तिचं फिरतं चाक आणि रंगांचे डबे. लेकीने दुसऱ्या शहरात भाड्याच्या जागेत स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि आईची भट्टी तिला हवी होती. फोनवर म्हणाली, "बाबा, ट्रेलर तू नको ओढूस. एखादी गाडी ठरव."

"आईने इतकी वर्षं ओढला. मला एक दिवस जमेल."

मग म्हणाली, "नीट ये. मला आता आणखी कुणाला..." वाक्य तिने तिथेच सोडलं. मीही ते उचललं नाही.

बायको हिवाळ्यात गेली. हे त्यानंतरचं, ऊन अजून तापायचं होतं तेव्हाचं. भट्टी उचलायला माझा मेहुणा आला होता, तिचा धाकटा भाऊ. तो बेकरीत रात्रपाळी करतो. सकाळी तिथूनच आला, अंगाला भाजक्या पावाचा वास घेऊन. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्याला गाडी चालवायला मनाई होती. भट्टी चढवून, दोर आवळून झाल्यावर तो मागच्या सीटवर उशी टाकून आडवा झाला.

"भावजी, मी हमाल म्हणून आलोय. रस्ता चुकलात तर उठवू नका."

"आणि गाडी उलटली तर?"

"तर आपोआप उठेन."

शेजारची सीट रिकामी राहिली. तिच्यावर मी पाण्याची बाटली ठेवली.

आता जे सांगणार आहे ते कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली म्हणजे तिचे नियम. प्रदर्शनांना जाताना ट्रेलर नेहमी तीच ओढायची, मी शेजारी डुलक्या घ्यायचो. पण मोकळा रस्ता लागला आणि तिने क्रूझ कंट्रोल, म्हणजे पेडल न दाबता गाडीला ठरलेल्या वेगाने चालवणारी सोय, लावलं, की मला उठवून शिकवणी सुरू व्हायची. मागे ट्रेलर असताना हे फक्त सपाट, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर लावायचं. वेग नेहमीपेक्षा कमी, पुढच्या गाडीपासूनचं अंतर जास्त. चढ, उतार, वळण, वारा, पाऊस आला की बंद. "गाडी नुसता वेग धरून बसते," ती म्हणायची. "मागचं ओझं तिला कळत नाही, ते पायाला कळतं. म्हणून पाय झोपवायचा नाही." आणि ट्रेलर हेलकावे खायला लागला तर पायाने ब्रेक मुळीच दाबायचा नाही. त्याने मागचं धूड आणखी फिरतं. क्रूझ बटणाने काढायचं, स्टीअरिंग सरळ धरायचं, आणि डॅशबोर्डखालची कळ हलकेच सरकवायची. त्या कळीने एकट्या ट्रेलरचा ब्रेक लागतो. कळीवर एक लहानसा लाल दिवा आहे. कळ सरकवली किंवा पायाचा ब्रेक दाबला, की तो लागतो. पायाच्या ब्रेकने क्रूझही आपोआप सुटतं.

दुसरी गोष्ट तिची खोड. आजारपणात तिला दवाखान्यात मी नेऊ-आणू लागलो. तेव्हा कळलं की शेजारी बसून तीही ब्रेक मारते. तिच्या पायाखाली नुसती रबरी मॅट होती, पण ती उजवा पाय असा दाबायची की गुडघा थरथरायचा.

"तिकडचा ब्रेक लागत नाही गं."

"नसेल लागत. मला बरं वाटतं."

मॅटच्या रेघा टाचेखाली घासून गुळगुळीत झाल्या, तिथे एक खोलगट वाटोळी जागा पडली. आणि खरं सांगायचं तर ती उगाच कधी दाबत नसे. तिचा पाय दाबला गेला की पुढे काहीतरी असायचंच. मला ते जरा उशिरा दिसायचं, एवढंच.

तर आम्ही निघालो. दिवस ढगाळ होता. उजेड होता, पण तो कुठून येतोय हे कळू नये असा, राखेच्या रंगाचा. शहर संपलं, सपाट माळ लागला. रस्ता कोरडा, मोकळा. माझा गुडघा दुखायला लागला होता. दुखणं तरी कशाला म्हणायचं, त्या दिवसांत मी झोपून उठलो तरी थकलेलाच असायचो. तिच्या नियमात बसत होतं म्हणून क्रूझ लावलं, वेग बेताचा ठेवला आणि पाय खाली, पेडलच्या बाजूला टेकवला. चाकांचा एकसुरी आवाज आणि मेहुण्याचं घोरणं, एवढंच ऐकू येत होतं.

अशी बरीच वाट गेली असेल. एकाएकी गाडी मंदावली. क्रूझ सुटलं होतं. कळीवरचा लाल दिवा लागला आणि विझला.

मला वाटलं, माझाच पाय लागला. खाली पाहिलं तर पाय जिथल्या तिथे. तेवढ्यात वळण आलं, आणि वळणापलीकडे रस्त्यावर पाणी पसरलेलं. कुठलासा पाइप फुटला होता. मी हळू चालवत त्यातून बाहेर पडलो आणि क्रूझ पुन्हा लावलं.

पुढे एका पुलाच्या उंचवट्याआधी पुन्हा तेच. दिवा लागला, गाडी मंदावली. उंचवट्यावर चढलो तर पलीकडे एक मालट्रक बंद पडून अर्ध्या रस्त्यात उभा.

मग एकदा काहीच नसताना. मी वाट पाहत राहिलो. काही वेळाने डावीकडच्या झाडीतून गाईगुरं रस्त्यावर आली.

मागून मेहुणा झोपेतच पुटपुटला, "किती ब्रेक मारता भावजी... ताईसारखे."

मी आरशात पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते. मी मारले नव्हते, हे मी त्याला सांगितलं नाही. गाडीत ओल्या मातीचा वास यायला लागला होता. डब्यांचा असेल. पण डबे मागे ट्रेलरमध्ये होते, आणि काचा बंद होत्या.

पेट्रोल पंपावर थांबलो. कागदी कपातला कोमट चहा प्यालो. मेहुण्याची झोप झाली होती. "आता पुढे बसतो," म्हणाला, "तुम्हाला गप्पा तरी." बाटली उचलून तो शेजारच्या सीटवर बसला, दार ओढलं. मी पट्टा लावेपर्यंत पाहतो तर हा दोन्ही पाय वर, सीटवर घेऊन बसलेला. चांगला धिप्पाड माणूस, आणि अंग चोरून बसलाय.

"काय रे?"

"पाय ठेवायला जागा नाहीये."

मी वाकून पाहिलं. खाली काहीच नव्हतं. मॅट होती, तिच्यावरची ती गुळगुळीत वाटोळी जागा होती.

"एवढी जागा तर आहे."

"आहे," तो हळू म्हणाला. "पण ठेवायला नाही, भावजी."

तो उतरला, मागे जाऊन बसला. या वेळी आडवा झाला नाही. बाटली हातातच धरून होता. आम्ही पुन्हा रस्त्याला लागलो. मग त्यानेच विचारलं, "दवाखान्यात नेताना ती पुढेच बसायची ना..."

"हो."

"हं."

दुपार कलली. माळ संपत आला तिथे लांब उतार लागतो, खाली खोऱ्यात शहर आहे, लेकीचं. माथ्यावर वारा सुटला होता, आडवा, थांबून थांबून येणारा. उतार सुरू व्हायच्या जरा आधी दिवा लागला, क्रूझ सुटलं. बरोबरच होतं ते. तिच्याच नियमाप्रमाणे होतं. पण मी दमलो होतो. दिवसभर कुणीतरी माझ्या हातातून काम काढून घेत होतं, आणि ते माणूस मला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "जरा राहू दे ना... थकलोय गं," आणि बटण दाबून पुन्हा क्रूझ लावलं.

पुढच्याच वाऱ्याच्या झोतात ट्रेलर हलला.

आधी तो एका आरशात दिसला, मग दुसऱ्या. मागून कुणी गाडीची शेपटी धरून हिसडावी तसं जाणवलं. उतारावर भट्टीचं वजन आम्हाला पुढे ढकलत होतं, काटा लावलेल्या वेगाच्या वर चढला होता. आणि लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. ती ब्रेक दाबत होती. क्रूझ तिच्या पहिल्या दाबानेच सुटलं होतं, पण ती थांबेना, आणि प्रत्येक दाबाबरोबर ट्रेलर जास्तच बाहेर फेकला जात होता. दोर करकरत होते. उजवीकडे कठड्यापलीकडे नुसतं आभाळ होतं.

माझा पाय खालीच होता. पेडल त्याच्या शेजारी आपोआप खाली जात होतं, वर येत होतं. ते मी पाहिलं.

लेकीचं अर्धं वाक्य आठवलं.

"पाय काढ," मी म्हणालो. मोठ्याने नाही. दवाखान्यात तिची उशी नीट करताना बोलायचो तसा. "तूच शिकवलंस ना... असं हलताना दाबायचा नाही. पाय काढ. आता मला करू दे."

दिवा लागलेलाच राहिला. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

"काढ गं," मी म्हणालो. "...सोड."

दिवा विझला.

मी स्टीअरिंग सरळ धरलं आणि दुसऱ्या हाताने कळ सरकवली, तिने दाखवली होती तशी, हलकेच. दिवा पुन्हा लागला, पण आता तो माझ्या हाताने. ट्रेलर ताणला गेला, एकदा इकडे, एकदा तिकडे झाला, मग मुकाट्याने मागे आला. रस्त्याची कड रुंद दिसली तिथे मी गाडी थांबवली. इंजिन बंद केल्यावर वाऱ्याचा आवाज किती मोठा आहे ते कळलं.

मेहुण्याच्या बाटलीतलं पाणी सगळं त्याच्या पँटवर सांडलं होतं. तो पुढच्या रिकाम्या सीटकडे पाहत होता.

"ऐकलं तिने," तो म्हणाला. मग, "आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं असेल ताईने कुणाचं."

मला हसू आलं. मग बराच वेळ स्टीअरिंगवर डोकं टेकून बसलो. त्याने पाठीवर हात ठेवला.

उरलेला उतार मी हळू उतरलो, पाय जागा ठेवून. दिवा पुन्हा आपणहून लागला नाही. मातीचा वासही गेला होता. शेजारची सीट नुसती सीट होती, आणि खोटं कशाला सांगू, मला ते त्या हेलकाव्यापेक्षा जड गेलं.

संध्याकाळी पोचलो. लेक खाली येऊन उभी होती. मला धरून तिने आधी माझे हात चाचपले, लहान मुलाचे बघतात तसे. भट्टी उतरवली, आत नेऊन ठेवली. मेहुणा कमरेवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या आईने मागे एवढंसं ठेवलंय म्हणून बरं. आणखी असतं तर मामा गेला असता." तिघं जेवलो. लेक खुशीत होती, कितीतरी दिवसांनी.

"बाबा, ट्रेलर जोडलेलाच राहू दे," ती म्हणाली. "भट्टीखाली घालायच्या विटा सांगून ठेवल्यात, गावाबाहेर. दुकान अजून उघडं असेल. मी जाऊन घेऊन येते. मला येतो ओढता, आईने शिकवलंय." आणि तिने खुंटीवरची किल्ली घेतली.

मी खिडकीशी बसलो होतो. खाली गल्लीत गाडी उभी होती, मागे रिकामा ट्रेलर, ट्रेलरच्या मागे कुणाच्या तरी गोदामाची पांढरी भिंत. ती भिंत तोपर्यंत करडी दिसत होती.

ती लाल झाली.

गाडी बंद होती, कुलूप लावलेली. ब्रेकचे दिवे लागले होते, गाडीचे आणि ट्रेलरचेही.

मी उठून लेकीच्या हातातून किल्ली घेतली. "आज नको."

"का?"

मेहुणाही खिडकीशी आला होता. त्याने खाली पाहिलं, मग माझ्याकडे. "दमलेत ते," तो तिला म्हणाला. "ऐक जरा."

मी खाली गेलो. काचेला डोळे लावून आत पाहिलं. पेडल दाबलेलं होतं, पार तळाशी. शेजारच्या बाजूला मॅट होती. एवढंच.

मेहुणा म्हणाला होता, असे दिवे राहिले तर सकाळपर्यंत बॅटरी उतरेल. उतरली नाही. तो बसने परत गेला. मी अजून इथेच आहे. विटा दुकानदाराने पोचत्या केल्या, भट्टीत लेकीची पहिली भांडी भाजूनही झाली. ती अधूनमधून किल्ली मागते, कधी चिडून, कधी हसून. "बाबा, गाडी काय शोभेला ठेवलीय?" किल्ली माझ्या खिशात असते. लेक किल्ली मागते तेव्हा मी खिडकीतून खाली पाहतो, आणि भिंत लाल असते.

गाडी तर उभी आहे. पुढे सरळ, कोरडी, मोकळी गल्ली आहे. मी रोज पाहतो, मला काही दिसत नाही. पण मला नेहमीच जरा उशिरा दिसायचं.

आणि या वेळी मी तिला पाय काढ म्हणालेलो नाही.