मुका झालेला डबा

"माझा डबा कुणीतरी बिघडवलाय," स्वप्नाली म्हणाली. "आणि कुणी, ते मला संध्याकाळच्या आत कळायला हवं."

जयपूरच्या मानसरोवर भागातल्या मैत्रेयीच्या तपास कार्यालयात विलासकाका तिचे सहायक होते. बँकेतून निवृत्त झाल्यावर ते याच शहरात राहिले होते. त्यांनी वर पाहिलं. "जेवणाचा?"

"सबवूफरचा. गाडीत पोटात जाणवणारा खालचा आवाज देतो तो मोठा स्पीकर. तो ज्या लाकडी पेटीत बसवतात तिला आम्ही डबा म्हणतो. आमच्या कार-ऑडिओ दुकानाचे मालक चंदनजी नमुन्याच्या गाडीसाठी आज एक डबा निवडणार. माझा नाहीतर तिथेच काम करणाऱ्या वेदांतचा. ज्याचा निवडतील त्याचेच डबे पुढे विकणार. मी त्यासाठी नोकरी सोडलीय."

"आणि झालं काय?" मैत्रेयीने विचारलं.

"काल दुकानात दणदणीत वाजला. मग कापड चिकटवायला घरी नेला. सकाळी परत गाडीत बसवला तर बेस, म्हणजे तो खालचा आवाजच, गायब. चंदनजी म्हणतात, माझं गणित चुकलं."

"घरी डब्याजवळ कोण होतं?"

"वेदांत ड्रिल परत द्यायला आला होता. मी चहा करेपर्यंत डब्यापाशी एकटाच बसला होता. तो गेल्यावर मी कापड आणायला बाजारात गेले. माझा नवरा अरुण आतल्या खोलीत काम करत होता."

चौमूं रस्त्यावरच्या दुकानात चंदनजींनी डिकी उघडली. "मैडम, डिब्बा खूबसूरत है, पर बोलता नहीं."

डब्यावर शेजारी शेजारी दोन वूफर, म्हणजे ते मोठे स्पीकर, होते. खाली हवा जायला आडवी फट, म्हणजे पोर्ट. बाजूला प्रत्येक वूफरसाठी तारा जोडायची लाल-काळी जोडी. ॲम्प्लिफायरच्या तारा तिथे बरोबर लावलेल्या होत्या.

मैत्रेयीने त्या सोडवल्या, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि तारेच्या दोन तुकड्यांनी आधी डाव्या जोडीला टेकवला. डावा वूफर किंचित बाहेर आला. मग उजव्या जोडीला, तसाच. उजवा आत गेला.

"एक हवा ढकलतोय, दुसरा ओढतोय," ती म्हणाली. "बेरीज शून्य. गणित चुकलेलं नाही."

तिने विलासकाकांना दोन्ही वूफर काढायला लावले. प्रत्येकाला आठ स्क्रू. आत पारदर्शक तार होती, तिच्या दोन पदरांपैकी एकावर पट्टी. डाव्या वूफरला पट्टीचा पदर लाल टोकावर होता, उजव्याला काळ्यावर.

"दोन्ही मी लालवरच जोडले होते," स्वप्नाली म्हणाली.

"उजव्याचे स्क्रू कसे होते?"

"सगळे घट्ट. कडेचं रबरही नीट बसवलेलं," विलासकाकांनी सांगितलं. "मोठा सावध चोर दिसतो."

वेदांत काउंटरला टेकून उभा होता. "तिच्या डब्याला भोक आहे म्हणून तो ओरडतो. माझा बंद आहे. कमी बोलतो, पण नेमकं."

"तुम्हाला तिचा राग येतो?"

"येतो. मी इतकी वर्षं इथे घासतोय, ती काल आली. रोज आम्ही दोघं काचा वर करून गाडीत ऐकत बसतो, आणि चंदनजी विचारतात तिला, कसं वाटलं?"

"सकाळी डबा बसवताना तुम्ही होतात?"

"उचलायला मीच होतो. तारा जोडून ती पुढे गाणं लावायला गेली, तेव्हा मी डिकीपाशीच होतो. घ्या लिहून."

मैत्रेयीने त्याचा वूफर उघडायला लावला. कुरकुरत त्याने उघडला. पट्टीचा पदर लालवर.

निकाल ऐकायला सकाळीच आलेला अरुण बाहेर आपल्या गाडीशी उभा होता. तो विमा कंपनीत अधिकारी, बदली होऊन आलेला.

"वेदांतलाच विचारा ना," तो म्हणाला. "बायको माझी, पण तिचे कान त्याच्याकडे. जेवताना वेदांतचा डबा, झोपताना वेदांतचा डबा. माझ्या गाडीत शेवटची कधी बसली ते तिलाही आठवणार नाही."

"तुमच्या गाडीत काय आहे?"

"छोटा आठ इंची. मीच जोडलाय. बरा वाजतो."

तिने डिकीत पाहिलं. तशीच पारदर्शक तार. पट्टीचा पदर काळ्या टोकात.

आत आल्यावर तिने सगळ्यांना बोलावलं.

"वेदांतच असणार," विलासकाका कुजबुजले. "एकटा बसला होता."

"चहा होईपर्यंत? तेवढ्यात आठ स्क्रू काढून परत बसवता येतील, काका? आणि त्यांना गरजच काय होती? सकाळी ते डिकीपाशी एकटे होते. बाहेर एकाच वूफरच्या दोन तारा अदलाबदल केल्या असत्या तरी हाच परिणाम. बेस घालवणाऱ्याला डबा उघडावाच लागत नाही."

"मग उघडला कशाला?"

"आत बघायला. रबर नीट बसवणाऱ्याला डबा बिघडवायचा नव्हता. डबा उघडला होता हे कळू नये एवढंच हवं होतं. परत जोडताना त्याने नेहमीच्या सवयीने पट्टीचा पदर काळ्यावर लावला. एकच वूफर असला तर तसं चालून जातं. शेजारी दुसरा असला की नाही. इथे काळ्यावर जोडणारा एकच माणूस आहे, आणि कापड आणायला बाई बाहेर गेल्या तेव्हा डब्यापाशी तोच होता."

सगळे अरुणकडे बघू लागले.

"तसाच माझ्या गाडीत करायचा होता," अरुण म्हणाला. "मापं घेतली. बिघडेल हे माहीत नव्हतं."

"सकाळपासून बघत होतास," स्वप्नाली म्हणाली. "बोलला का नाहीस?"

"वाजला नाही तेव्हा..." तो अडखळला. "बरं वाटलं. वाटलं, आता घरी येशील. माझ्यामुळे असेल हे मग लक्षात आलं. तेव्हा धीर झाला नाही."

स्वप्नाली डब्याकडे वळली. तिने उजव्या वूफरचे पदर अदलाबदल केले, सोळा स्क्रू स्वतः आवळले आणि गाणं लावलं. काउंटरची काच थरथरली. वेदांतने डोळे मिटले, थोडा वेळ ऐकलं आणि आपला डबा उचलून मागे नेला.

"यही रहेगा," चंदनजी म्हणाले.

ती गाणं बंद करून बाहेर आली. अरुण गाडीपाशी खाली मान घालून उभा होता.

"मापं घेतलीस त्यात वूफर आणि पोर्टची जागा वजा केलीस?"

"नाही."

"चुकलंय मग. ते नंतर बघू. आधी घरी चल, मला भांडायचंय."

अरुणने घाईघाईने तिच्या बाजूचं दार उघडलं.