टाळू भरायची राहिली

माझी ज्योतीवहिनी थापा मारणारी बाई नाही. हे तिच्या डोळ्यांसमोर घडलंय, म्हणून सांगतो.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. धुळ्यातलं एक हॉस्पिटल. भर दुपार.

तिचा पाच वर्षांचा कुंदन गच्चीच्या जिन्यावरून पडला होता. कवटीला बारीक भोक पाडून आत वायर सोडलेली. आतला दाब स्क्रीनवर आकड्यात दिसायचा.

"वीसच्या वर टिकला, तर ऑपरेशन. हाडाचा तुकडा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले होते.

वहिनी आकडा बघत बसलेली. रडू नाही. भूक नाही. नुसती बधिर.

अठरा... एकोणीस... बावीस...

आणि वास आला.

वेखंडाच्या तेलाचा.

आकडा भराभर उतरला. नऊ.

सिस्टर तणतणत आली. "बँडेजला तेल कोणी लावलं?"

वहिनीने हात पुढे केले. कोरडे ठणठणीत.

तो वास तिच्या ओळखीचा होता. पारोळ्याला त्यांच्या गल्लीत पुष्पाबाई राहायची, बाळांना मालीश करणारी. तान्ह्या कुंदनच्या टाळूवर ती रोज तेच तेल थापायची. डॉक्टरांनी नको म्हटलं, तसं वहिनीने तिला दारातूनच परत पाठवलं.

"मनं काम अर्धं ऱ्हायनं, माय," एवढंच म्हणाली ती.

त्याच वर्षी पुष्पाबाई वारली.

वहिनीला हे सगळं आठवलं. रिकाम्या खुर्चीकडे बघून ती पुटपुटली, "जाय! हात नको लावू मना पोरले!"

वास गेला...

तासाभरात आकडा एकतीस.

कुंदनला आत नेलं. हाड काढलं. पोरगं वाचलं, देवाची कृपा.

आता तो घरी आहे. हाड काढलं तिथे डोकं मऊ लागतं, तान्ह्या बाळाच्या टाळूसारखं. तिथे बोटही लावायचं नाही, अशी ताकीद आहे.

पण रोज दुपारी तो झोपून उठला की ती जागा तेलाने ओली असते...

वहिनीने एकदा विचारलं. कुंदन खेळता खेळता म्हणाला, "एक आजी लावस. म्हने, आजून बाकी शे."

पुष्पाबाईचं नावसुद्धा त्याच्यासमोर कोणी काढलेलं नाही.

येत्या सोमवारी ते हाड परत बसवायचंय.

वहिनी हे माझ्याशिवाय कुणाला सांगत नाही. गुपचूप तेल पुसते. पुष्पाबाईला हाकलायची आता तिची हिंमत होत नाही. मागच्या वेळी हाकललं, तेव्हा आकडा कुठे गेला ते तिने पाहिलंय.