नळीतलं कापड

गुरुवारी दुपारी गोपीनाथ सोनवणे बहारिनमधल्या अरादला बंदूक आणायला निघाला, तो गिरणीतून दळण आणायला निघावं इतक्या सहज. त्याचं कामच ते होतं. जुन्या बंदुका जमवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबचा तो मॅनेजर. क्लब म्हणजे काही पैसेवाले म्हातारे, त्यांच्या काचेच्या पेट्या, आणि सलमाबादच्या गोदामांच्या रांगेतला एक हॉल. वर्षातून दोनदा प्रदर्शन भरायचं. म्हातारे त्या दिवशी येऊन चहा पीत एकमेकांच्या बंदुकांना नावं ठेवायचे. परवानग्या, टेबलं, दिवे आणि पोलिसांची तपासणी हे सगळं गोपीनाथच्या बोडक्यावर.

एक नियम मात्र त्याने स्वतः घातला होता आणि त्याचा त्याला फार अभिमान. हॉलमध्ये येणारी प्रत्येक नळी तो आपल्या हाताने तपासायचा. ठासणीची बंदूक असली की तोंडातून लोखंडी गज आत सोडायचा. नळी रिकामी असेल तर गज तळाला टेकून टण्ण वाजतो. आत काही असेल तर वाजत नाही आणि बाहेरही जास्त उरतो. मग बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखं टोक असलेला दुसरा गज फिरवत आत घालायचा, आत असेल ते ओढून काढायचं, आणि रिकामी असल्याची खूण म्हणून बंदुकीच्या घोड्याला नारिंगी फीत बांधायची. प्रदर्शनाच्या दिवशी हे सगळं पुन्हा. त्याच्या वडिलांची हयात भुसावळकडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. ही खबरदारी त्याच्या रक्तातच होती म्हणा ना.

अरादचं ते घर क्लबच्या एका जुन्या मेंबरचं. म्हातारा उन्हाळ्याआधी वारला होता आणि हे प्रदर्शन त्याच्याच आठवणीत भरणार होतं. त्याची बायको आबिदा अर्धवट लोटलेल्या दाराआडून बोलली. जुन्या बहारिनी बायकांना येते तशी हिंदी तिला येत होती. आत कुठेतरी एक लहान मूल खोकत होतं. खोकला थांबतच नव्हता. ऐकणाऱ्याच्याच घशात खवखव व्हावी असा.

"तुम खाली करता है ना?" तिने विचारलं. "अपने हाथ से?"

"माझ्या हाताशिवाय..." म्हणता म्हणता तो हिंदीवर आला. "मेरे बिना कोई नली खाली नहीं होती, अम्मा."

मग ती म्हणाली, "बच्चे हैं?"

"एक लड़की. नौ साल की."

"अल्लाह रखे," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. बंदूक चादरीत गुंडाळून उंबऱ्याशीच ठेवली होती.

सलमाबादला भर दुपारी चिटपाखरू नसतं. उन्हात काम बंद ठेवायचा कायदा आहे, त्यामुळे वर्कशॉपची शटरं खाली आणि माणसं एसीच्या खोल्यांत निजलेली. हॉलमध्ये फक्त खिजरभाई होता. रत्नागिरीचा हा सुतार बंदुकांचे स्टँड करायचा, दस्ते पॉलिश करायचा, आणि कामाच्या मधल्या वेळात आपल्या लेकीच्या, तूबाच्या लग्नाचं सांगून सांगून गोपीनाथचं डोकं खायचा. ईदनंतर तारीख होती.

गोपीनाथने अरादच्या बंदुकीत गज सोडला. आवाज आला नाही. गज तोंडाबाहेर चार बोटं वर राहिला.

"भरलेली हाय काय?" खिजर जवळ आला. "जपून हां, साहेब. आमच्या गावात एकाचा पंजा गेलेला."

पण आत दारू नव्हती, गोळीही नव्हती. स्क्रूच्या गजाला अडकून आला तो कापडाचा बोळा. पांढरं, मऊ कापड, त्याला मुलांच्या झग्याला असतं तसं इवलंसं बटण. बोळा ओला होता. वर्षानुवर्षं बंद असलेल्या नळीतून ओलं कापड निघावं, याचं गोपीनाथला नवल वाटलं. कापडाला तापाच्या औषधाचा वास येत होता. खिजरने नाक मुरडलं. गोपीनाथने बोळा कचऱ्यात टाकला, गज पुन्हा सोडला. टण्ण. नारिंगी फीत बांधून तो माहूजला घरी गेला.

त्या संध्याकाळी त्याची लेक श्रावस्ती जेवली नाही. "बाबा, समथिंग इज स्टक," ती गळ्याला हात लावून म्हणाली आणि खोकू लागली. बायकोने, अंजनाने मिठाच्या गुळण्या दिल्या, हळदीचं दूध दिलं. सकाळी दवाखान्यात नेलं. डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिली आणि घसा स्वच्छ आहे म्हणून सांगितलं. मुलगी मात्र खोकून खोकून काळवंडली होती.

गोपीनाथ निघाला तेव्हा अंजना वैतागून युनिफॉर्म झटकत होती. "हे बघा तुमच्या लेकीचं. कात्री लावून ठेवलीय फ्रॉकला. विचारलं तर म्हणते, आय डिड नॉट डू इट." निळ्या चौकड्यांच्या फ्रॉकचा खालचा काठ तळहाताएवढा गेला होता. गोपीनाथने पाहिलं आणि संध्याकाळच्या प्रदर्शनाच्या घाईत विसरूनही गेला.

खिजर जुम्म्याच्या नमाजाला गेला होता. हॉलमध्ये एसीची घरघर तेवढी होती. गोपीनाथ ओळीने नळ्या तपासत गेला. टण्ण... टण्ण... टण्ण. अरादच्या बंदुकीची फीत जशीच्या तशी बांधलेली. त्याने ती सोडून गज आत घातला.

आवाज नाही. गज चार बोटं वर.

त्याला आधी रागच आला. कुणीतरी थट्टा केली असणार. त्याने स्क्रूचा गज फिरवत आत घातला. टोक कापडात रुतलं. तो ओढू लागला तोच खिशातला फोन वाजला. एका हाताने त्याने तो कानाला लावला.

"अहो, लवकर या..." अंजनाचा श्वास लागला होता. "आत्ता एकदम श्वास अडकला हिचा. डोळे पांढरे केले हो..."

गोपीनाथचा हात थांबला. फोनवर श्रावस्तीने मोठ्याने श्वास घेतलेला त्याला ऐकू आला.

"आता? आता कशी आहे?"

"घेतेय श्वास. थांबलं."

त्याने गज किंचितच ओढला. नकळत, की मुद्दाम, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तिकडून अंजनाची किंकाळी आली. त्याने गज आत ढकलला. किंकाळी विरून खोकला ऐकू येऊ लागला. मग त्याने मोबाइलचा दिवा नळीच्या तोंडाशी धरला. आत, हात पोचणार नाही एवढ्या खोल, निळ्या चौकड्या दिसत होत्या.

त्याने अरादचा नंबर लावला. आबिदानेच उचलला. तिच्या मागे एक मूल खिदळत होतं, चेंडू भिंतीवर आपटत होता.

"अम्मा... ये क्या है?"

"मेरा पोता कल दोपहर ही उठ बैठा," ती हळूच म्हणाली. "खाना खाया. खेल रहा है."

"मेरी लड़की..."

"मालूम है." ती रडत असावी. "मेरे मियां ने किसी का निकाला था. फिर हमारा पोता पड़ गया. मियां ने खुद निकालना चाहा तो बच्चा नीला हो गया. अपना हाथ अपने को नहीं छुड़ाता, भाई. दूसरे का हाथ चाहिए... जिसको मालूम न हो. मुझे माफ़ करो. मेरा एक ही है."

फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

खिजर आला तेव्हा गोपीनाथ खुर्चीत बसून बंदुकीकडे बघत होता. खिजरने टोपी खिशात घातली आणि त्याचा चेहरा निरखला.

"पोर बरी नाय काय अजून?"

गोपीनाथने मान हलवली.

"मग इथं काय करताय? तुमी घरी जावा, साहेब. पोरीपेक्षा प्रदर्शन मोठा हाय काय? उरलेला मी करतंय. तुमचा बघून बघून शिकलंय मी."

इथे गोपीनाथला सांगता आलं असतं. शब्द जिभेवर आले होते. समोर उभा असलेला माणूस त्याच्या लेकीसाठी दर ईदला खजुराची बरणी आणायचा, हेही आठवत होतं. पण कानात अजून अंजनाची किंकाळी होती. बाप झालेल्या माणसाने काय करावं ते तुम्हीच ठरवा. गोपीनाथ नीच नव्हता, पण त्या दुपारी तो नीचपणाने वागला.

"एकच राहिलीय," तो म्हणाला. "अरादवाली. आत... आत कापड आहे थोडं. ओढून काढा."

गज त्याने स्वतः खिजरच्या हातात दिला. मग मागे न बघता बाहेर पडला.

माहूजच्या सिग्नलला पोचला तेव्हा अंजनाचा फोन आला. ती रडत-हसत होती. श्रावस्ती एकदम उठून बसली होती, नूडल्स मागत होती. पाठोपाठ खिजरचा निरोप. काढलं, साहेब. निळं कापड होतं. फीत बांधली. गोपीनाथने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून पोटभर रडला.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. पोलिसांची तपासणी बिनबोभाट झाली. म्हाताऱ्यांनी वारलेल्या मेंबरच्या आठवणी काढल्या, अरादची बंदूक मधल्या स्टँडवर दिव्याखाली ठेवली होती. गोपीनाथ तिच्याकडे पाठ करून पाहुण्यांना चहा देत होता. श्रावस्ती घरी जेवून झोपल्याचं अंजनाने नुकतंच कळवलं होतं.

तेवढ्यात फोन हातात घेऊन खिजर गर्दीतून आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"तूबा हाय, साहेब. दुपारपासून खोकतेय. घशात कायतरी अडकलाय म्हणते. लग्नाची दगदग दुसरा काय... तुमी जरा दोन शब्द बोला. तुमचा ऐकील ती. डाक्तरकडं जायला सांगा."

गोपीनाथला नाही म्हणता आलं नाही. गर्दी चहाच्या टेबलाकडे लोटली होती, म्हणून मोकळ्या झालेल्या मधल्या स्टँडपाशी जाऊन, बंदुकीकडे पाठ करून त्याने फोन कानाला लावला. पलीकडे रत्नागिरीत ती पोरगी खोकत होती. तो खोकला त्याच्या ओळखीचा होता.

"बाळा," तो कसाबसा म्हणाला. "डॉक्टरकडे जा. काळजी घे."

"होय, चाचा, जातंय." तिने दम घेतला. "पण तुमी पयला तुमच्या पोरीला घरी न्या. तुमच्या मागं केवढी खोकतेय ती..."

गोपीनाथने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. दिव्याखाली बंदूक होती आणि तिच्या घोड्याची नारिंगी फीत खोकल्याच्या झटक्यांनी हलावी तशी हलत होती.