नऊ मिनिटं बारा सेकंद

ऑफिसात बाईंना सगळे झालंबाई म्हणत, तेही तोंडावर. त्यांचं काम ऐकायचं. पडलेल्या विमानाची आवाजपेटी तपासखात्यात आली की कॉकपिटमधला शब्द न् शब्द, खोकला, बटणाची टकटकसुद्धा वेळेसकट कागदावर उतरवायची. एक ओळ लिहून झाली की त्या हळूच स्वतःशी "झालं" म्हणत. बावीस वर्षांची सवय. जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही, असं साहेब चिडवत. ऐकलं ते लिहायचं, मनाची भर घालायची नाही, हा त्यांचा खाक्या. खोडरबर त्यांच्या टेबलावर कधी दिसला नाही.

त्या सोमवारी एका मालवाहू विमानाची ध्वनिनोंद आली. उड्डाणानंतर मालाच्या खोक्यांनी पेट घेतला आणि विमान समुद्रात कोसळलं. आत दोघंच होते, कॅप्टन आणि जोडीदार वैमानिक. दोघंही गेले. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात विमान उतरवलं असतं तर कदाचित वाचले असते, पण कॅप्टन भर समुद्राकडे वळला होता. तो घाबरला, त्याचं डोकं चालेनासं झालं, असं कंपनीचं म्हणणं. शुक्रवारी अहवालावर सही व्हायची होती, आणि मेलेला माणूस आपली बाजू मांडायला थोडाच येणार होता!

नोंद नऊ मिनिटं बारा सेकंदांची होती. पुढे आगीत तार जळाली असावी. रडारवर मात्र विमान तेरा मिनिटं वीस सेकंद दिसत होतं. मधल्या चार मिनिटांत काय घडलं ते कोणालाच माहीत नव्हतं.

बाईंनी हेडफोन लावले आणि थक्क झाल्या. कॉकपिटमध्ये धूर शिरलेला, घंटा कानीकपाळी ओरडत होती, आणि हा गृहस्थ आणीबाणीची यादी किराण्याची असावी तशी वाचत होता. मास्क लावला? जोडीदार म्हणे, झालं. मागची हवा बंद? झालं. उत्तर आल्याशिवाय तो पुढच्या ओळीवर जातच नव्हता. अशा माणसाला घाबरट म्हणतात, याचा बाईंना मनापासून राग आला.

मंगळवारी तीच नोंद लावली तर ती नऊ चाळीसला संपली.

बाईंनी वही पाहिली. नऊ बारा, स्वतःचंच अक्षर. तंत्रज्ञाला बोलावून मशीन तपासून घेतलं, त्यात काही बिघाड नव्हता. म्हणजे चूक आपली, असं म्हणून त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा एक आकडा खोडला आणि दिवसभर त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

बुधवारी नोंद अकरा मिनिटं पाच सेकंद चालली. घंटा थांबली होती. जोडीदाराचा श्वास आधी घरघरला, मग ऐकू येईनासा झाला.

"डावीकडचं इंधन बंद?" कॅप्टनने विचारलं.

उत्तर नाही. त्याने तितक्याच संथपणे पुन्हा विचारलं आणि थांबला. मग अगदी जवळून कोणीतरी म्हणालं, "झालं."

तो पुढच्या ओळीवर गेला.

गुरुवारी दुपारी कॅप्टनची बायको आली. कोणता आवाज कोणाचा, हे ओळखीच्या माणसाकडून लिहून घ्यायचा नियमच होता. ती ताठ बसून ऐकत राहिली. मध्येच हसली. घरातून निघतानाही ह्यांचं हेच, म्हणाली. उंबऱ्यात उभे राहून विचारायचे, गॅस बंद? नळ बंद? दिवे बंद? कोणीतरी झालं म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नसत. मुली वैतागायच्या.

शेवटचा भाग ऐकून तिने हेडफोन काढले.

"पहिला आवाज ह्यांचा. दुसरा जोडीदाराचा, तो जेवायला यायचा आमच्याकडे."

"आणि तिसरा?"

ती बाईंकडे वळली.

"तुमचाच आहे की हो."

ती गेली. खिडकीतून लख्ख ऊन टेबलावर पडलं होतं. चहा गार झाला. मग त्यांनी पुन्हा हेडफोन लावले. आकडे अकरा पाचच्या पुढे गेले. बारा. साडेबारा.

"काही दिसत नाहीये," कॅप्टन म्हणाला. "खाली किनाऱ्याशी मासेमारीच्या होड्या होत्या. भर पाण्याकडे वळलोय. होड्या मागे राहिल्या?"

तो थांबला.

बाईंसमोर कोळ्यांचा जबाब पडला होता. विमान डोक्यावरून गेलं, एवढंच त्यात महत्त्वाचं म्हणून कोणीतरी अधोरेखित केलं होतं. खालची ओळ तशीच राहिली होती. सकाळी गेलेली एक्केचाळीस माणसं, परतलेली एक्केचाळीस.

हेडफोनमध्ये तो अजून वाट पाहत होता.

"राहिल्या," बाई म्हणाल्या. "सगळे घरी पोचले."

"आभारी आहे."

तेरा मिनिटं वीस सेकंदांवर आकडे थांबले.

बाईंनी सगळं उतरवलं. 'आवाज कोणाचा' या रकान्यात शेवटच्या ओळींपुढे स्वतःचं नाव लिहिलं, कारण ऐकलं ते लिहायचं. शुक्रवारी साहेबांनी नोंद स्वतः ऐकली, कागद पाहिला, बाईंकडे पाहिलं. मग त्यांनी अहवालातली कॅप्टनच्या चुकीची ओळ काढली आणि सही केली.

आपल्या खोलीत येऊन बाईंनी एकदा शेवटचं ऐकलं. तेरा वीस. आकडे थांबले, मशीनचा दिवा विझला. त्या हेडफोन काढणार तोच कानात तो ओळखीचा, संथ आवाज आला.

"दिवे बंद?"

आणि तो थांबून राहिला.

बाई उठल्या. खोलीचा दिवा बंद केला.

"झालं," त्या म्हणाल्या.