दादाच्या बोटाची रेघ

बसा, सांगतो. दुपारचे चार वाजले होते, ऊन लख्ख होतं आणि मी आईसाठी भाड्याचं घर बघायला निघालो होतो. भ्यायचं काही कारणच नव्हतं.

आमच्या खोलीला ओल होती. भिंतीला टेकलं की पाठ काळी व्हायची. त्यात आईला दमा. माझा थोरला भाऊ प्लंबर. त्यानं जोडलेला नळ पुन्हा गळला, असं या शहरात कुणी छातीला हात लावून सांगून दाखवावं! मी त्याला टोचायचो, "लोकांची गळती थांबवतोस आणि आई ओलीत झोपते." तो म्हणायचा, "स्टेशनजवळ कोरडं घर बघतो रे. दवाखान्यात जायला तिला चार पावलांत गाडी मिळाली पाहिजे."

दीड महिन्यापूर्वी दादा बांधकामाच्या परांचीवरून पडला, तो जागीच गेला. घर बघायचं माझ्यावर आलं. आणखी एक महिना आई त्या ओलीत राहिली तर दम्यानं जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

इमारत स्टेशनच्या जिन्याला लागूनच होती. घर दुसऱ्या मजल्यावर. मालकीणकाकू निवृत्त शिक्षिका.

"चपला बाहेर. फरशी मी स्वतः पुसलीये. लग्न झालंय?"

"नाही, काकू."

"बरंय. खिळे कमी ठोकशील."

इमारत जुनी, पण भिंतीला एक तडा नाही. खालून गाडी धडधडत गेली, तरी खिडकीची काच हलली नाही. बंद घराला कुबट वास असतो. इथं वेगळाच वास होता. ओल्या पांढऱ्या सिमेंटचा. त्या वासामागे मी न्हाणीघरात गेलो. आत अंधार आणि गारवा. नळातून थेंबसुद्धा पडत नव्हता. इतकी शांतता की माझाच श्वास मला मोठा वाटला.

बेसिन भिंतीला टेकतं तिथं पांढऱ्या सिमेंटची रेघ होती. मी वाकून पाहिलं. दादाची रेघ!

दादाच्या उजव्या तर्जनीचं टोक यंत्रात तुटून तिथं मधोमध खाच पडली होती. त्याच बोटानं तो सिमेंट दाबायचा. म्हणून त्याच्या रेघेत मधोमध एक बारीक उंचवटा राहायचा. हजार रेघांतून मी ती ओळखली असती.

मी बोट लावलं. बोटाला ओलं सिमेंट लागलं.

"काकू... हे कुणी केलं?"

"प्लंबरनं. सकाळीच."

"तुम्ही बोलावलं होतं?"

"नाही रे. आपणहून आला. म्हणाला, इथं आई राहायला येणार आहे... ओल नको."

अंगावर सर्रकन काटा आला. पळायला हवं होतं. पण ती रेघ बघून माझा ऊर भरून आला. कुठे वाकडी नाही, कुठे तुटलेली नाही. मरूनही कामात कसूर नाही! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ओरडूनच म्हणालो, "काकू, माझा भाऊ आहे तो!"

"मग आधी नाही का सांगायचं, खुळ्या! घर तुमचंच."

आम्ही त्याच आठवड्यात राहायला आलो. भिंती खडखडीत कोरड्या. आई रात्रभर झोपते, खोकत नाही. येईल त्याला मी आधी न्हाणीघर दाखवतो. म्हणतो, लावा हात, शोधा गळती.

काल काकू जिन्यात भेटल्या.

"तुझा भाऊ चौथ्या मजल्यावर काम करत होता. गुणी आहे हो."

"आहेच, काकू." मी ताठ उभा राहिलो.

"पण त्याच्याबरोबरच्या त्या माणसाला जरा सांग. नुसता जिन्यात उभा असतो, भिंतीकडे तोंड करून. हाक मारली तरी वळत नाही."

दादानं जन्मभर एकट्यानं काम केलं. हाताखाली मलासुद्धा घेतलं नाही.

"कधीपासून... उभा आहे?"

"तुम्ही आलात त्या दिवसापासून. आधी पार गच्चीच्या दाराशी होता," काकू हळूच म्हणाल्या. "रोज एक पायरी खाली येतो, तुमच्या दाराकडे."